मॅट्रिजेलमधून एमसीएफ-७ एवढ्या कशा उतरतात?

नेरुळ_पेट्री: ट्रान्सवेलमध्ये (सच्छिद्र पडद्यातून किती पेशी आरपार जातात ते मोजायची चाचणी) एमडीए-एमबी-२३१ आणि एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी जवळपास सारख्याच उतरतायत. खरं तर २३१ आक्रमक, एमसीएफ-७ जागेला चिकटून राहणाऱ्या. इन्सर्ट (तळाला पडदा असलेली छोटी वाटी) ८ मायक्रॉन छिद्रांचे, त्यावर मॅट्रिजेल (पेशींभोवतीच्या प्रथिनांच्या जाळ्यासारखं जेल) १०० मायक्रोलिटर, वर ५० हजार पेशी, खाली पेशींना ओढायला १० टक्के सीरम, ४८ तास. स्क्रॅच चाचणीतही (पेशींच्या थरात रेघ मारून फट बुजते का ते बघणं) दोन्हींची फट बुजते. मॅट्रिजेल ठाण्याहून येतं, घोडबंदरला गाडी अडकली की बर्फ संपलेला असतो. त्याचंच असेल?

खारघर_कल्चर: असू शकतं, पण विना-मॅट्रिजेल इन्सर्ट सोबत लावलेत का? लेप असलेल्यातून उतरलेल्या भागिले बिनलेपाच्यातून उतरलेल्या, हाच आकडा घ्या. नुसती मोजणी आक्रमण दाखवत नाही.

मॅट्रिजेल १० अंशांच्या वर गेलं की जेलीसारखं घट्ट व्हायला लागतं. रात्रभर फ्रिजमध्ये बर्फात वितळवा. टिप, नळ्या, सीरमविरहित माध्यम, सगळं गार हवं. अर्धवट घट्ट झालेलं पसरलं तर गुठळ्या होतात आणि मधल्या उघड्या जागेतून कुठलीही पेशी सटकते. टिप पडद्याला टेकली तरी तेच. साधारण २००-३०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. पुरे, मग ३७ अंशांना दोन तास. इन्सर्ट तिरका सोडा, नाहीतर खाली बुडबुडा अडकतो.

रंगवण्याआधी वरची बाजू कापसाच्या बोळ्याने दोनदा पुसता ना? न पुसलेल्या पेशीही जांभळ्या दिसतात. बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो. आणि ४८ कशाला, २४ तास बस. वरच्या माध्यमात सीरम नको.

कळवा_पिपेट: स्क्रॅचचं वेगळं. पेशी सरकल्या नाहीत, नुसत्या वाढल्या, तरी फट बुजते. आधी २ तास मायटोमायसिन-सी (पेशींची वाढ थांबवणारं औषध), १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि., नीट धुवा, मगच रेघ मारा. हातमोजे घालून, विषारी आहे ते.

नेरुळ_पेट्री: बिनलेपाचे लावलेच नव्हते. २३१ एल-१५ माध्यमात आहेत, ५ टक्के सीओटूमध्ये. चालेल?

खारघर_कल्चर: नाही! एल-१५ साध्या हवेसाठीच बनलंय, सीओटूत आम्ल होतं आणि २३१ मरगळतात. झाकण घट्ट लावा किंवा डीएमईएम या सीओटूत चालणाऱ्या माध्यमावर आणा.

वाशी_एसटीआर: पेशी नक्की त्याच आहेत ना? एमडीए-एमबी-४३५ वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली, निघाली मेलानोमाची. एसटीआर (पेशींची डीएनएवरून ओळख) आणि मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये लपून वाढणारे जिवाणू) तपासा. ब्लॉटमध्ये (प्रथिनं ओळखायची चाचणी) एमसीएफ-७ला ई-कॅडहेरिन (पेशी एकमेकींना चिकटवणारं प्रथिन) ठळक हवं, २३१ला व्हायमेंटिन (सरकणाऱ्या पेशींतलं प्रथिन). उलटं आलं तर मॅट्रिजेलला दोष देऊ नका.