पहिल्या फेरीतील ३२ निवडींचा अंदाज: नावे जुळतात, मग संघ का जुळत नाहीत?

प्रश्न

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग; तिच्या ड्राफ्टमध्ये संघ ठरलेल्या क्रमाने महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. त्याच्या पहिल्या फेरीचा मॉक ड्राफ्ट, म्हणजे कोणता संघ कोणाला घेईल याचा अंदाज, मी गेली तीन वर्षे फेरी सुरू होण्याआधी कागदावर पूर्ण लिहून ठेवतो आणि गुरुवारी रात्री एकेक निवड जाहीर होईल तशी लाल पेनाने तिच्यापुढे खूण करत जातो. २०२५ च्या ग्रीन बे येथील ड्राफ्टनंतर तो कागद पुन्हा नीट वाचला, तेव्हा एक गोष्ट फार खटकली. मी लिहिलेल्या ३२ खेळाडूंपैकी २६ जण खरोखरच पहिल्या फेरीत निवडले गेले होते, परंतु मी ज्या संघाच्या नावापुढे ज्याला लिहिले होते त्याच संघात गेलेले खेळाडू केवळ ७ होते. कॅम वॉर्ड टेनेसी टायटन्सकडे आणि अब्दुल कार्टर न्यूयॉर्क जायंट्सकडे जाणार हे ओळखण्यात विशेष काही नव्हते. त्यानंतर मात्र पानभर नुसत्या फुल्या होत्या.

सर्वांत मोठी चूक अर्थातच शेडूर सँडर्स या क्वार्टरबॅकची (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू). मी त्याला २१व्या क्रमांकावर पिट्सबर्ग स्टीलर्सकडे ठेवले होते. स्टीलर्सनी तिथे डेरिक हार्मनला घेतले आणि सँडर्सचे नाव पाचव्या फेरीत, १४४व्या क्रमांकावर, क्लीव्हलँड ब्राउन्सनी पुकारले. मिशिगन विद्यापीठाचा कॉर्नरबॅक (चेंडू झेलणाऱ्यांना रोखणारा बचावपटू) विल जॉन्सन मी पहिल्या १५ मध्ये धरला होता; तो ४७व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला. टाइट एंडमध्ये (चेंडू झेलणारे आणि प्रतिस्पर्ध्यांना अडवणारेही खेळाडू) टायलर वॉरन आधी जाईल असे मी लिहिले होते, तर शिकागो बेअर्सनी १०व्या क्रमांकावर कोल्स्टन लव्हलँडला पसंती दिली.

माझी पद्धत अशी आहे: आधी खेळाडूंची गुणवत्तेनुसार क्रमवारी लावतो, मग प्रत्येक संघातील उणिवांची यादी करतो आणि दोन्हींची सांगड घालतो. ही पद्धत मुळातच चुकीची आहे, की तिच्यात काही भर घालायला हवी? आणि संघांमधील ट्रेड, म्हणजे निवडींची अदलाबदल, अंदाजात धरावेत का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १

आपली पद्धत चुकीची नाही, परंतु ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न वेगळा आहे. "पहिल्या ३२ जणांत कोण असेल?" आणि "या संघाने या खेळाडूला का घ्यावे?" हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर क्रमवारीतून बऱ्यापैकी मिळते, आपले २६ बरोबर आले ते त्यामुळेच. दुसऱ्यासाठी त्या संघाच्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून त्याचे करार, त्याचा प्रशिक्षक आणि पुढील दोन वर्षांची त्याची काळजी पाहावी लागते.

उणिवांच्या यादीने सर्वाधिक फसवल्याचे उदाहरण म्हणून मी २०२४ ची अटलांटा फाल्कन्सची निवड सांगेन. मार्चमध्ये त्यांनी कर्क कझिन्सशी चार वर्षांचा, १८ कोटी डॉलरपर्यंत जाणारा करार केला होता. त्यामुळे एप्रिलमधील कोणत्याही उणिवांच्या यादीत अटलांटापुढे क्वार्टरबॅक लिहिलेला नव्हता. लिहिलेला होता तो एज रशर, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू. ८वा क्रमांक आला तेव्हा पहिल्या सात निवडींत बचाव फळीतील एकही खेळाडू गेलेला नव्हता, म्हणजे देशभरातील हवा तो बचावपटू त्यांच्यासमोर उपलब्ध होता. तरीही त्यांनी मायकेल पेनिक्स ज्युनियर या क्वार्टरबॅकला निवडले. त्या रात्री पहिल्या १४ निवडी आक्रमण फळीच्याच झाल्या आणि पहिला बचावपटू, लायातू लातू, १५व्या क्रमांकावर इंडियानापोलिस कोल्ट्सकडे गेला; इतक्या उशिरापर्यंत बचावपटू न जाण्याची ड्राफ्टच्या इतिहासातील ती पहिलीच वेळ होती. पहिल्या दहांत दोन-तीन बचावपटू लिहून बसलेल्या आम्हा सर्वांचे कागद त्या एका तासात निरुपयोगी झाले. आपण यादीत लिहितो ती उणीव बहुधा येत्या सप्टेंबरची असते, तर संघ त्यापुढच्या दोन मोसमांचा विचार करत असतो, ही गोष्ट मला त्या रात्री नीट समजली.

दुसरी बाब पैशाची आहे आणि ती अनेक जण वगळतात. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील २०११ च्या सामूहिक करारापासून नवोदितांचे वेतन निवडीच्या क्रमांकानुसार जवळपास ठरलेले असते. खेळाडू कोणत्या जागेवर खेळतो याचा त्याच्याशी संबंध नसतो. त्यामुळे अनुभवी खेळाडू ज्या जागांसाठी अतिशय महाग पडतात, त्या जागांवर नवोदित मिळाल्यास संघाची बचत सर्वांत मोठी होते. क्वार्टरबॅक, एज रशर, ऑफेन्सिव्ह टॅकल (क्वार्टरबॅकचे कडेने रक्षण करणारा), वाइड रिसीव्हर (लांबचे फेके झेलणारा) आणि कॉर्नरबॅक यांना क्रमवारीतील स्थानापेक्षा थोडे वर, आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू), गार्ड (मधल्या फळीतील रक्षक) यांना थोडे खाली धरण्याचे कारण हेच आहे. २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही. मात्र हा कल आहे, नियम नव्हे: २०२३ मध्ये बिजान रॉबिन्सन ८व्या आणि जमीर गिब्ज १२व्या क्रमांकावर गेले, तर २०२५ मध्ये लास व्हेगास रेडर्सनी अ‍ॅश्टन जेंटीसाठी ६वी निवड खर्च केली. खेळाडू असामान्य असला आणि प्रशिक्षकाला धावत्या खेळावर संघ उभारायचा असला, की बचतीचे गणित मागे पडते.

विल जॉन्सनच्या बाबतीत आपण स्वतःला दोष देऊ नये. त्याच्या गुडघ्याविषयी संघांना शंका होती, आणि इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टपूर्वीच्या चाचणी शिबिरात) होणाऱ्या वैद्यकीय तपासणीचे अहवाल संघांकडे असतात, आपल्याकडे नसतात. तिथली ४० यार्डांची धाव सर्वांना दिसते. गुडघ्याचे एमआरआय दिसत नाही. मात्र दुखापतीचा अर्थ प्रत्येक संघासाठी सारखा नसतो, हे लक्षात ठेवावे. ओहायो स्टेट विद्यापीठाचा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबर २०२४ मध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने मोसमाबाहेर गेला होता, तरीही कॅन्सस सिटी चीफ्सनी त्याला ३२व्या क्रमांकावर घेतले. चीफ्स नुकतेच सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, हरले होते आणि डाव्या टॅकलची जागा त्यांना वर्षभर सतावत होती. निरोगी असता तर असा खेळाडू त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नसता. म्हणून मी दुखापतग्रस्त पण गुणवान खेळाडूंना पहिल्या दहांत न ठेवता २५व्या क्रमांकानंतरच्या बलाढ्य संघांपुढे लिहून पाहतो.

उत्तर २

वरील उत्तर मला मान्य आहे, पण क्वार्टरबॅकचा विषय वेगळा काढायला हवा, कारण आपली सर्वांत मोठी चूक तिथेच झाली आहे.

इतर जागांचे खेळाडू घसरतात ते हळूहळू. २०व्या क्रमांकाला अपेक्षित असलेला गार्ड ३०व्या किंवा ३५व्या क्रमांकाला जातो, कारण गार्ड कोणत्याही संघाला चालतो. क्वार्टरबॅक मात्र एकच जण खेळतो. ज्या तीन-चार संघांना तो हवा आहे त्यांनी एकदा नकार दिला, की पुढच्या संघांना त्याची गरजच नसते आणि तो एकदम खोल जातो. २०२२ मध्ये स्टीलर्सनी केनी पिकेटला २०व्या क्रमांकावर घेतले आणि त्यानंतरचा क्वार्टरबॅक, डेस्मंड रिडर, थेट ७४व्या क्रमांकावर गेला. अनेकांनी पहिल्या फेरीत धरलेला मलिक विलिस ८६व्या. सँडर्सचे १४४ हे त्याच प्रकारचे होते. त्यामुळे "साधारण २१ च्या आसपास" असा अंदाज क्वार्टरबॅकबाबत करताच येत नाही. त्याच्यासाठी निश्चित एक संघ दाखवता येत असेल तर त्याला लिहावे, नाहीतर यादीतून पूर्ण काढून टाकावे.

याला एक अपवाद आहे. पहिल्या फेरीतील खेळाडूच्या चार वर्षांच्या करारात संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय (करार आणखी एक वर्ष वाढवण्याचा हक्क) मिळतो आणि दुसऱ्या फेरीतील खेळाडूच्या करारात तो नसतो. त्या एका वर्षासाठी संघ फेरीच्या शेवटी वर चढतात. २०१८ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनी फिलाडेल्फिया ईगल्सकडून ३२वी निवड मिळवून लॅमार जॅक्सनला घेतले, आणि २०२५ मध्ये जायंट्सनी ह्यूस्टन टेक्सन्सशी ट्रेड करून २५व्या क्रमांकावर जॅक्सन डार्टला घेतले. तेव्हा आपल्या क्रमवारीत ३० ते ४५ मध्ये असलेल्या क्वार्टरबॅकसाठी २५ ते ३२ या जागा तपासून पाहाव्यात. परंतु २०२३ मध्ये विल लेव्हिस त्या सगळ्या जागा ओलांडून ३३वा गेला, हेही स्मरणात असू द्यावे.

उत्तर ३

ट्रेडविषयी लिहितो. माझे स्पष्ट मत असे आहे, की लिहिताना ट्रेड धरू नयेत, पण विचार करताना जरूर धरावेत.

१९९० च्या दशकात डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला गुणतक्ता आपण पाहिला असेलच: पहिल्या निवडीला ३००० गुण, दुसरीला २६००, पाचवीला १७००, दहावीला १३०० आणि ३२वीला ५९०. आज अनेक संघ स्वतःचे वेगळे तक्ते वापरतात, तरी ढोबळ किंमत समजण्यासाठी तो पुरेसा आहे. २०२५ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्स ट्रॅव्हिस हंटरसाठी ५व्या क्रमांकावरून २ऱ्यावर गेले. दोन्हींतील फरक ९०० गुणांचा. त्यांनी ब्राउन्सना दुसऱ्या फेरीतील ३६वी निवड दिली, तिचे ५४० गुण झाले. उरलेल्या ३६० गुणांसाठी पुढील वर्षाची संपूर्ण पहिल्या फेरीची निवड गेली, आणि मागच्या फेऱ्यांतील निवडींची किरकोळ देवाणघेवाण झाली ती निराळी. पहिल्या फेरीची निवड कितीही मागची असली तरी तिची किंमत ५९० पेक्षा कमी नसते, म्हणजे तक्त्याच्या हिशेबाने जॅग्वार्सनी उघडउघड जास्त मोजले. एखाद्या संघाला एखादा खेळाडू इतका हवा असणे बाहेरून दिसत नाही, आणि म्हणूनच असा ट्रेड आधी लिहून ठेवणे हा बहुतांशी नशिबाचा भाग ठरतो.

ड्राफ्टपूर्वी झालेल्या ट्रेडचे मात्र तसे नाही, कारण तिथे संघाने बोलून नव्हे तर निवडी मोजून आपला इरादा दाखवलेला असतो. मार्च २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी ३रा क्रमांक मिळवण्यासाठी मायामी डॉल्फिन्सना १२वी निवड आणि पुढील दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या, तेव्हाच तिथे क्वार्टरबॅक जाणार हे निश्चित झाले. कोण, हे मात्र निश्चित झाले नाही. महिनाभर मॅक जोन्सचे नाव फिरत राहिले. त्यांनी घेतले ट्रे लान्सला आणि जोन्स १५व्या क्रमांकावर न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे गेला. एप्रिलमधल्या बातम्यांविषयी माझा नियम यातूनच तयार झाला. कोणत्या जागेचा खेळाडू (उदा. क्वार्टरबॅक) जाणार या बातमीवर मी विश्वास ठेवतो, नावाविषयीच्या बातमीवर ठेवत नाही, आणि ठेवलाच तर शेवटच्या दोन दिवसांतील बातमीवर ठेवतो. २०२२ मध्ये महिनोन्‌महिने एडन हचिन्सन पहिला जाणार असे मानले जात होते. अखेरच्या दिवसांत वारे ट्रॅव्हॉन वॉकरकडे वळले आणि जॅग्वार्सनी वॉकरलाच निवडले. आपला कागद मंगळवारी पूर्ण होत असेल तर तो बुधवारी रात्रीपर्यंत उघडा ठेवावा.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. क्वार्टरबॅकविषयीचा मुद्दा माझ्या ध्यानात कधीच आला नव्हता. २१वा क्रमांक मी खरोखरच "सरासरी" म्हणून लिहिला होता. एक शंका अजून उरली आहे. गुण मोजताना मी क्रमांक आणि संघ दोन्ही बरोबर असतील तरच पूर्ण गुण देतो. ट्रेड धरायचेच नसतील तर ही मोजणी योग्य ठरते का?

उत्तर ३ कडून पुन्हा

नाही. क्रमांक सोडून द्यावा आणि खेळाडू व संघ ही जोडी मोजावी. २०२३ चे अ‍ॅरिझोना कार्डिनल्स पाहा. त्यांच्याकडे ३रा क्रमांक होता. तो त्यांनी टेक्सन्सना दिला आणि ते १२व्यावर गेले, तिथून डेट्रॉइट लायन्सशी ट्रेड करून ६व्यावर आले आणि पॅरिस जॉन्सन ज्युनियर या टॅकलला घेतले. ज्याने ३ऱ्या क्रमांकापुढे "कार्डिनल्स, पॅरिस जॉन्सन" लिहिले होते त्याने संघाची गरज अचूक ओळखली होती. आपल्या मोजणीत त्याला शून्य मिळाले असते.

त्याच दृष्टीने आपला २०२५ चा कागद पुन्हा तपासून पाहावा. बहुतेकांप्रमाणे आपणही २ऱ्या क्रमांकावर ब्राउन्सकडे हंटर आणि ५व्यावर जॅग्वार्सकडे मेसन ग्रॅहम लिहिला असेल, तर प्रत्यक्षात हे दोघे त्याच दोन क्रमांकांवर गेले, फक्त संघांची अदलाबदल झाली. अशा जोडीपुढे मी लाल फुली न मारता वेगळ्या रंगाने ट्रेडची खूण करतो आणि ती चुकांमध्ये धरत नाही. या खुणा वेगळ्या काढल्यावर ज्या फुल्या उरतील त्या जागांनुसार मांडून इथे द्याव्यात. त्यांतील किती क्वार्टरबॅकच्या, किती दुखापतींच्या आणि किती उणिवांच्या यादीमुळे झालेल्या आहेत हे एकत्र बसून पाहता येईल.