डब्याच्या पाळ्या लावायला मदत हवी आहे

पंचवटीतल्या मैत्रिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आम्ही अकरा जणी पाळीपाळीने दुपारचा डबा पोचवतोय, अजून चार आठवडे. स्वयंपाकाचं काही नाही, घोळ पाळ्यांचा आहे. व्हॉट्सॲपवरची यादी कॉपी करून प्रत्येकीने आपलं नाव घालायचं ठरलं. दोघींनी एकाच वेळी जुनी यादी उचलली की एकीचं नाव गळतं. मंगळवारी दोन डबे, दोन्हींत मुगाची खिचडी. बुधवारी एकही नाही! पोल लावला, तर एका दिवसावर कितीही मतं पडतात, शिवाय पर्याय बाराच. गूगल शीट तिघी उघडतच नाहीत. नवं ॲप नको. सातपूर, इंदिरानगरहून येणाऱ्यांना आदल्या संध्याकाळी आठवणही जायला हवी. एकीने दिवस घेतला की तो बाकीच्यांना बंद होईल, असं काही साधं आहे का?