मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन ग्रँड कॅनियन, साउथ रिम

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरच्या शेवटी आई-बाबा इकडे फिनिक्सला येतायत आणि त्यांना ग्रँड कॅनियन नीट, घाई न करता दाखवायचंय. साउथ रिमलाच (दरीच्या दक्षिण काठावर) जायचं नक्की आहे, कारण स्कायवॉक (दरीवर बाहेर काढलेला काचेचा पूल) आहे तो ग्रँड कॅनियन वेस्टला, हुआलापाई या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर, नॅशनल पार्कच्या बाहेर, त्याचं तिकीट वेगळं आणि साउथ रिमपासून गाडीने चारेक तास लांब, तेवढी दगदग त्यांना झेपणार नाही.

आईचे गुडघे दुखतात, जिना उतरतानाही ती कठडा धरून एकेक पायरी उतरते. म्हणून रिम ट्रेलचा सपाट डांबरी भाग आणि हर्मिट रोडची फ्री शटल असं डोक्यात आहे (तेव्हा तिथे स्वतःची गाडी नेता येत नाही). होपी पॉइंटचा सूर्यास्त तिला दाखवायचाच आहे, पण परतीच्या शटलला किती वेळ उभं राहावं लागतं? बसायला बाक वगैरे आहेत का?

दुसरं म्हणजे रिम जवळपास ७००० फुटांवर आहे आणि बाबांना बीपी आहे, डॉक्टरांना विचारणारच आहोत, तरी कोणी या वयाच्या आई-वडिलांना नेलं असेल तर त्यांना दम लागला का, पहाटे थंडी कितपत होती ते प्लीज सांगा.

राहायला पार्कच्या आत बघू की बाहेर, टुसायान गावात? आणि शाकाहारी जेवणाचं काय केलंत, कुकर सोबत न्यावा का?