मदत हवी आहे: व्हॅक्सिन डेपोतले पक्षी, फुलपाखरं नीट येईनात फोटोत

नमस्कार मंडळी, बेळगावात टिळकवाडीत राहतो, सकाळी साडेसहाला इथल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जातो आणि आता फिरणं कमी नि कॅमेरा जास्त असं झालंय. जुना डीएसएलआर, ७०-३०० मिमीची लेन्स, ३०० वर अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) एफ ५.६ च्या खाली जात नाही, म्हणजे उजेड कमीच येतो. परवा स्वर्गीय नर्तक पक्ष्याचा नर दिसला ओ, पांढरा, लांब शेपटीचा, झाडीच्या गच्च सावलीत! शटर १/१००० सेकंद ठेवला तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० वर जाऊन फोटो सगळा दाणेदार, शटर हळू केला तर शेपटीचा नुसता धूर. त्यात कवडशात आला की पांढरा रंग जळतोच. एक्सपोजर मायनस करायचं तर किती?

फुलपाखरांचं वेगळंच. घाणेरीवर बसलेलं जवळून घेतलं की एका पंखाची कड शार्प, डोळे ब्लर. अ‍ॅपर्चर बारीक करून एफ ११ करू की बाजूने समांतर बसून घेऊ? बहाव्याचे पिवळे घोस तर दुपारी अगदीच फिक्के येतात.

नवी लेन्स घ्या म्हणू नका, घरात आधीच बोलणी खाल्लीत. जांबोटी-खानापूरच्या जंगलाकडे मे महिन्यात फोटो काढायला कोण जात असेल तर सांगा की, मीपण येतो.