शब्दचर्चा : केंद्रकाचं 'विरूपण' म्हणावं का?

प्रश्न : अणुकेंद्रकांवर लेख लिहिते आहे. 'सुपरडीफॉर्मेशन'ला 'अतिविरूपण' म्हणू का? भोवऱ्यासारखं गरगर फिरल्यामुळे लांबट झालेलं केंद्रक, असा अर्थ. पण 'विरूपण' म्हटलं की मला शूर्पणखाच आठवते.

प्रतिसाद १ : शंका रास्त आहे. संस्कृतात 'विरूप'चा 'निराळ्या रूपाचा' असाही अर्थ आहे, पण मराठी कानाला आधी बिघाडच ऐकू येतो. पोलादी कांबीचं विरूपण चालून जातं. इथे मात्र तो अर्थ शास्त्राच्याच आड येतो.

१९८६ साली इंग्लंडमधल्या डेअर्सबरी प्रयोगशाळेत पीटर ट्विन आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियम-४८ची केंद्रकं पॅलेडियम-१०८वर आदळवली. त्यातून वेगाने फिरणारी डिस्प्रोशियम-१५२ची केंद्रकं मिळाली. त्यांच्या गॅमा किरणांच्या १९ रेषा फणीच्या दातांसारख्या निघाल्या, दोन दातांत सुमारे ४७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचं अंतर. वस्तुमान फिरण्याच्या आसापासून किती दूर पसरलंय, यावर ते अंतर ठरतं. त्यावरून लांबी रुंदीच्या जवळपास दुप्पट आली. या आकारात प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांमध्ये, गोल आकारात पडतात तशा, पुन्हा मोठ्या फटी पडतात, आणि ६६ प्रोटॉन व ८६ न्यूट्रॉन खालच्या पातळ्या नेमक्या भरतात. बिघाड कसला, ही तर दुसरी घट्ट घडी आहे!

आणि 'फिरल्यामुळे' हा शब्द व्याख्येतून काढा. रशियातल्या दुबना इथे १९६२ साली सापडलेली अमेरिशियम-२४२ची अवस्था १४ मिलिसेकंदांच्या अर्धायुष्याने आपोआप दुभंगते. तीही अशीच लांबट असल्याचं पुढे उलगडलं, आणि तिथे वेगाने फिरणं नाही. डिस्प्रोशियममध्ये फिरण्याचं काम एवढंच, की कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) खूप वाढला की लांबट आकाराला तो कमी ऊर्जेत पेलतो.

मी लेखात 'अतिलांबट केंद्रक' लिहीन. 'अतिविरूपण' एकदा, संज्ञा म्हणून.

प्रतिसाद २ : 'अति'वर फार भार पडतोय. अतिसंवाहक, अतिनील, अतिरक्तदाब : इंग्रजीतले तीन वेगळे उपसर्ग, आपला एकच. लांबी रुंदीच्या तिप्पट, म्हणजे ३:१ आकाराच्या 'हायपरडीफॉर्मेशन'मधल्या 'हायपर'ला मग काय उरलं? 'द्विगुण लांबट', 'त्रिगुण लांबट' म्हणा.

प्रतिसाद १ : सुटसुटीत आहे, पण पाऱ्याच्या आसपासच्या केंद्रकांत हे प्रमाण साधारण १.७:१ असतं. तिथे 'द्विगुण' खोटं ठरेल. 'हायपर'साठी 'परम' घ्यावा.

प्रतिसाद ३ : भोवराही काढा. भोवरा आपल्या सममितीच्या आसाभोवती फिरतो. पुंजभौतिकीत (क्वांटम भौतिकीत) तसं सामूहिक फिरणं नसतंच, कारण आकार होता तसाच दिसतो, फिरल्याची खूण राहत नाही. हे केंद्रक लांबीला काटकोनात असलेल्या आसाभोवती फिरतं. दांडूने टोक मारल्यावर हवेत कोलांट्या घेणारी विटी आठवा. विटी याहून पुष्कळ लांबुडकी, पण फिरण्याची रीत तीच. सेकंदाला सुमारे १० चा २० वा घात इतक्या फेऱ्या! आणि शब्द 'परिवलन' वापरा. 'परिभ्रमण' दुसऱ्याभोवती, पृथ्वीचं सूर्याभोवती असतं तसं.

मूळ प्रश्नकर्ती : वाक्य बदललं : 'काही केंद्रकांना नेहमीच्या आकाराखेरीज दुसरा, अतिलांबट आकारही मानवतो, विटीसारखं वेगाने परिवलन होत असताना डिस्प्रोशियमचं केंद्रक त्या आकारात सापडतं.' 'मानवतो' ठेवू ना?

प्रतिसाद १ : ठेवाच.