एका बर्गरवरनं एवढा दंगा? तिकडचं कॉलेज फुटबॉल कुणीतरी समजावून सांगा

पेठेतला गडी

मंडळी एक डाऊट हाय. आमचे दाजी अमेरिकेत कोलंबसला असतात, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या गावात. परवा रात्री व्हिडिओ कॉल लावला तर मागं फ्रिजवर भाच्याच्या शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं, आणि त्यात इंग्लिश एम जिथं जिथं आलाय तिथं लाल चिकटपट्टीची फुली. मंडे, मॅथ, म्युझिक, कशालाच सोडलं न्हाई. म्हटलं दाजी ह्ये काय? तर म्हणाले मिशिगन युनिव्हर्सिटीबरोबरच्या मॅचचा आठवडा हाय, त्यांचा एम आमच्या घरात चालत न्हाई, युनिव्हर्सिटीत सुद्धा सगळ्या पाट्यांवर अशाच फुल्या मारल्यात. अहो हा माणूस हितं कोल्हापुरात असताना शाहू स्टेडियमला फुटबॉल बघायला कधी आला न्हाई, मी पास देतो म्हटलं तर ऊन लागतंय म्हणायचा.

मग सुरू झाले. मिशिगनच्या कोचनं म्हणे पोरांना बर्गर खायला घालून नियम मोडला, त्याला बंदी बसली, कॉलेजला कोट्यवधीचा दंड बसला, आणि ह्ये सांगताना दाजींचा चेहरा असा की जणू पोरगा कलेक्टर झालाय. आता मला सांगा, आपल्याकडं तालमीच्या टीमनं प्लेअर आणायचा म्हटलं की त्याची राहायची सोय, खुराक, पेट्रोल, सगळं कोण ना कोण बघतंयच की. केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, नोंदणी सुरू व्हायच्या आधीपासनं ह्याला त्यांनी पळवला, त्याला ह्यांनी पळवला हेच चालू असतंय. बर्गर काय, मिसळ खाल्ली म्हणून कोच घरी जायला लागला तर आपल्या गावात एक टीम उरायची न्हाई.

तर दोन गोष्टी विचारायच्या हायत. खरंच बर्गरसाठी झालं का ह्ये सगळं? आणि दुसऱ्याची चौकशी लागली म्हणून एवढा आनंद कशाचा?

डॅलस रिटर्न

बर्गर हे निमित्त रे भावा. मी एमएसला टेक्सासमध्ये होतो त्यामुळं थोडं माहीत आहे. तिकडचं फुटबॉल म्हणजे बॉल हातात घेऊन पळायचं, आपलं नव्हे. तिकडं शाळेतली चांगली पोरं आपल्याकडं ओढायला कॉलेजांची जी मारामारी चालते तिला रिक्रूटिंग म्हणतात, आणि कोचनं कधी भेटायचं, कधी फोन करायचा, कुणाचं बिल भरायचं ह्याचं एनसीएए म्हणून जी संघटना आहे तिचं जाडजूड नियमाचं पुस्तक आहे. कोविडमध्ये मार्च २०२० ते मे २०२१ समोरासमोर भेटी पूर्ण बंद होत्या. त्या काळात मिशिगनचा कोच जिम हार्बॉ पोरांना भेटला, त्यात ते हॉटेलातल्या बर्गरचं बिल. तेवढंच असतं तर थोडक्यात मिटलं असतं, पण चौकशीत त्यानं दिशाभूल केली असं एनसीएएनं धरलं आणि तिथं प्रकरण जड झालं. जोक एवढे चालले की २०२३ मध्ये एनसीएएच्या एका अधिकाऱ्याला जाहीर सांगावं लागलं की ही केस चीजबर्गरची नाही म्हणून. मग काय, जोक अजून वाढले.

ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांची 'शो-कॉज' लागली, म्हणजे ह्या काळात कुठल्या कॉलेजनं घेतला तर निर्बंध त्याच्याबरोबर येणार. पण तोपर्यंत गडी प्रोफेशनल लीगमध्ये चार्जर्सचा कोच होऊन बसला होता, त्याला काय फरक पडणार. आणि तो मोठा दंड बर्गरचा नव्हेच, तो पुढच्या टीमांच्या मॅचला माणसं पाठवून त्यांचे इशारे रेकॉर्ड केल्याचा, दाजींनी दोन्ही प्रकरणं एकाच पातेल्यात घातलीत.

खरा राडा बघायचा तर आमच्या डॅलसचा. सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत खेळाडूंना पैशाची पाकिटं जायची, आधीची शिक्षा चालू असताना सुद्धा. १९८७ चा अख्खा सीझन एनसीएएनं रद्द केला, १९८८ ला कॉलेज स्वतःच उतरलं नाही. तिथला एरिक डिकरसन शाळेत असतानाच सोनेरी ट्रान्स अ‍ॅम गाडी फिरवायचा, लोक म्हणायचे टेक्सास ए अँड एमवाल्यांनी दिली, आणि पोरगा गेला सदर्न मेथडिस्टला! गाडीचं नावच पडलं ट्रान्स ए अँड एम. सदर्न मेथडिस्टला हसणारे पण काय धुतल्या तांदळाचे नव्हते, त्यांच्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे एकमेकांत खेळणाऱ्या गटातल्या, बहुतेक कॉलेजांना त्या दहा वर्षांत कधी ना कधी शिक्षा झालेली. १९८९ ला सदर्न मेथडिस्ट परत मैदानात आलं ते बहुतेक पहिल्या वर्षाची नवखी पोरं घेऊन, ज्यांचा त्या पाकिटांशी काही संबंध नव्हता. ह्यूस्टननं त्यांना ९५-२१ हाणलं. आणि ह्यूस्टन त्या वर्षी स्वतः शिक्षा भोगत होतं, त्यांच्या मॅच टीव्हीवर दाखवायला बंदी होती.

सांगलीकर इन अ‍ॅन आर्बर

आलो आलो. तीन वर्षं मिशिगन युनिव्हर्सिटीच्या गावात, अ‍ॅन आर्बरला काढलीत, एवढं ऐकून गप बसणं शक्य नाही.

दाजींना फक्त एक शब्द विचारा. टॅटू. २०१० ला उघडकीस आलं की ओहायो स्टेटच्या पाच प्लेअरनी आपल्या जिंकलेल्या अंगठ्या, जर्सी असलं विकलं, काहींनी बदल्यात टॅटू काढून घेतले. कोच जिम ट्रेसलला ईमेलनं कळलेलं होतं तरी वर सांगितलं नाही, शेवटी मे २०११ ला राजीनामा. २०१० चे विजय रेकॉर्डमधून पुसले. गंमत पुढं आहे, २०१२ ला नवीन कोच, टीम बारा मॅच खेळली, बाराच्या बारा जिंकली, पण बंदी असल्यामुळं पुढं खेळायलाच मिळालं नाही. तेव्हा अ‍ॅन आर्बरमध्ये काय वातावरण असेल ते दाजींच्या आजच्या तोंडावरनं ओळखा. आणि जुलै २०२१ पासनं प्लेअरनी आपल्या नावावर पैसे कमवायला परवानगी आली, २०२५ पासनं तर कॉलेजं स्वतः थेट पैसे देतात, पहिल्या वर्षाची मर्यादा दोन कोटी पाच लाख डॉलर. त्या पाच जणांवरनं आज एवढा दंगा झाला असता का, तुम्हीच सांगा.

आता आनंद कशाचा म्हणाल तर स्कोअर बघा. २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं ओहायो आमच्याकडनं हरलं. २०२३ ला तर हार्बॉवर मॅचला यायची बंदी होती, असिस्टंट उभा होता तरी ३०-२४, आणि पुढं जानेवारीत आम्ही नॅशनल चॅम्पियन. त्यामुळं ऑगस्ट २०२५ ला निकाल आला तेव्हा दंड दोन कोटी डॉलरच्या वर जाणार म्हणून तिकडं पेढे वाटायला पाहिजे होते, तर रडारड ही की विजय का नाही पुसले! पैशाचं त्यांना काय पडलेलं नाही, त्यांना ती चार वर्षं नकोत.

जाता जाता, ह्या दोन प्रदेशांत १८३५ ला टोलेडो शहरावरनं हद्दीचा वाद झालेला, दोन्हीकडनं फौजा निघाल्या होत्या. त्यामुळं फुटबॉलमुळं भांडण असं पण नाही, भांडणाला नंतर फुटबॉल मिळालं.

तिखटपांढरा

सांगलीकरांनी कोल्हापूरच्या थ्रेडवर येऊन फुटबॉल शिकवायचं दिवस आले. बाकी माहिती चांगली हाय, हळद पाठवा.

निवृत्त पीटी मास्तर

वाचून हसू आले. मी तीसेक वर्षे कॉलेजात खेळ बघितला, कॉलेजचे नाव घेत नाही.

एका वर्षी कबड्डीचा एक पोरगा हेरला होता, रेडला गेला की रिकामा येत नसे. दुसऱ्या कॉलेजचे सर बुलेटवरून त्याच्या गावी जाऊन आईला लुगडे देऊन आले, होस्टेल फुकट, सकाळी लिटरभर दूध. आम्ही लुगडे दिले नाही. आम्ही त्याच्या धाकट्या भावाला पण अ‍ॅडमिशन दिली. पोरगा आमच्याकडे आला. फायनलच्या दिवशी टॉस व्हायच्या आधी ते सर टेबलाजवळ आले, याचा दाखला मुदतीनंतरचा आहे म्हणून ऑब्जेक्शन. अर्ज लिहायला त्यांच्याकडे पेन नव्हते, ते मीच दिले, मला वाटले स्कोअरशीटवर सही करायची असेल. पोरगा पायाला क्रेप बँडेज बांधून बसलेला, ते तसेच सोडून गुंडाळून पिशवीत ठेवले. मागून त्यांची पोरे बोगस बोगस म्हणून हलगी वाजवत होती.

पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्या एका खेळाडूवर ऑब्जेक्शन घेतले. मजकूर कशाला नवीन लिहायचा, त्यांच्याच अर्जाची कार्बन कॉपी फाइलला होती, नाव आणि तारीख बदलली. आमची पोरे पण तीच हलगी वाजवत होती. मला त्या दिवशी लाज वाटली असे म्हटले तर खोटे होईल, बरे वाटले होते.

तो पोरगा मात्र त्या ऑब्जेक्शननंतर गावाकडे गेला तो परत आला नाही. धाकटा भाऊ बीकॉम झाला.

डॅलस रिटर्न

सर, पेनचं लई भारी. परत दिलं का त्यांनी?

निवृत्त पीटी मास्तर

नाही.

पेठेतला गडी

सगळ्यांना थँक्स, सर तुम्हाला नमस्कार. अपडेट देतो. आज परत कॉल लावला, सुरुवात गोड बोलूनच केली, मग म्हटलं दाजी त्ये टॅटूचं काय होतं वो? दाजी म्हणाले त्ये वेगळं प्रकरण हाय, त्यात पोरं गरीब होती. म्हटलं मग बर्गर खाणारं पोरगं काय टाटांच्या घरचं होतं व्हय? तेवढ्यात मागनं भाचा ओरडला, टॅटू, वॉट टॅटू? दाजींनी पटकन कॅमेरा छताकडं केला, पाच मिनिटं मी नुसता पंखा बघत बसलोय. आवाज गेला म्हणाले, रेंज न्हाई म्हणाले, आणि कट.

परत लावला तर ताईनं उचलला. म्हणाली अरे ह्ये दूध आणतो म्हणून गाडी काढून गेलेत, फ्रिजमध्ये दोन कॅन हायत.