मदत हवी आहे: ‘ल सिद’ आठ नटांत बसवायचंय

नमस्कार मंडळी. लिआँमधल्या एका छोट्या संस्थेत फ्रेंच नाटककार कॉर्नेयचं ‘ल सिद’ (१६३७) हे नाटक मूळ फ्रेंचमध्येच बसवतोय. पात्रं बारा, नट आठ. काउंट दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात शेवटचा दिसतो आणि राजा सहाव्यात पहिल्यांदा येतो, म्हणून दोन्ही भूमिका एकाच नटाला दिल्या. ते निभावलं.

अडलंय एल्वीर (नायिका शिमेनची सखी) आणि लेओनॉर (राजकन्येची सखी) यांच्यापाशी. दोघी एकाच नटीकडे आहेत. पहिल्या अंकाचा पहिला प्रवेश शिमेन-एल्वीरचा, लगेच दुसरा राजकन्या-लेओनॉरचा. पाचव्या अंकात तिसऱ्या-चौथ्या प्रवेशात पुन्हा तीच गत, मध्ये एक ओळही नाही. काळोख केला तर बारा अक्षरी ओळींची लय तुटते. नुसती शाल बदलली तर बाई बदलल्याचं कळतच नाही. राजकन्या गाळायचा जुना तोडगा माहीत आहे, पण मग पाचव्या अंकातलं तिचं स्वगतही जातं. ते सोडवत नाही.

दुसरं, पहिल्या अंकातली थप्पड, काउंट नायकाच्या बापाला, दिएगला मारतो ती. मार खाणाऱ्यानेच प्रेक्षकांच्या आड टाळी वाजवून आवाज काढायचा, ही नेहमीची युक्ती. पण आमचे प्रेक्षक तीन बाजूंना, त्यामुळे कडेच्या खुर्च्यांवरून टाळी सरळ दिसते आणि भलत्या जागी हशा पिकतो. शिवाय दिएगला लगेच तलवार उपसायची असते, दोन्ही हात टाळीत अडकले की ती उशिरा निघते. आवाज विंगेतून द्यावा, की आवाजच नको, हातमोजा मारून भागवावं? तीन बाजूंच्या मंचावर कुणी हे केलंय का?